कपाळावरचा चांद्या

॥ श्री ॥
मस्तगड, जालना
६ ऑक्टोबर २०२४

ती. तृप्तीताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझी मोसंबी पोचली. सुग्रीवनं टेम्पो चालूच ठेवून पोतं दारात टाकलं आणि चहाचं नाव काढायच्या आत गल्लीच्या तोंडाला गेला. मोनिकानं निम्मी मोसंबी शेजारीपाजारी वाटली. उरलेल्यांतली माझ्या पोटात किती गेली यावरून घरात चौकशी चालू आहे, म्हणून मी इकडे कोपऱ्यात पत्र लिहायला बसलो. फोन करायला काय धाड भरली होती, असं तू म्हणशील. पण तुमच्या वस्तीवर रेंज पाहिजे तर लिंबाच्या झाडावर चढावं लागतं, आणि नंदिनी फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पुढं जात नाही. पत्रात मात्र पोरीची जीभ सुटते. हा खटाटोप तिच्यासाठीच.

काम असं आहे. आमच्या ‘पायवाट’ मंडळाचं मुलांचं शिबिर यंदा डिसेंबरात आहे, भोकरदनच्या पुढं डोंगरात. त्यात अंधार पडल्यावर एक फेरी असते. मुलं एका ओळीत, प्रत्येकाच्या कपाळाला पट्ट्यानं बांधलेला दिवा आणि हात मोकळे. गेल्या वर्षी ज्याच्या त्याच्या आईबापानं मिळेल तो दिवा घेऊन दिला. पहिल्याच चढावर निम्मे विझले आणि उरलेले एकमेकांच्या डोळ्यांत गेले. यंदा सगळ्यांना एकच चांगला दिवा द्यायचं ठरलं आहे. पण तो पारखायचा कुठं? मस्तगडात अंधार उरलाय कुठं? आमच्या गल्लीतल्या पोरांना अंधार बघायचा तर पलंगाखाली शिरावं लागतं. खरा अंधार तुमच्याकडे आहे. म्हणून सुग्रीवबरोबर दोन दिवे पाठवतो. शिवाय दाजींचा, शेतावरचा, घरात आहेच. नंदिनीनं ते लावून हिंडावं आणि मुलांसाठी कोणता बरा ते मला लिहावं.

आणि जिनं दिवा निवडला तिनंच तो लावून सगळ्यांच्या पुढं चालायचं. बारा वर्षांची आहे, शिबिराच्या वयात बसते. हा माझा शब्द आहे, असं तिला वाचून दाखव.

दाजींना आणि आबांना नमस्कार. तुझी मायाही अशीच पोत्यानं येत राहो, एवढंच मागणं.

तुझा,
अंगद


शेतवस्ती, कुंभार पिंपळगाव
१३ ऑक्टोबर २०२४

चि. अंगदास,
अ. उ. आ.

काल दसरा झाला. आबांनी तुझ्या वाटणीचं सोनं देव्हाऱ्यात ठेवलं आहे, येशील तेव्हा घे. तोवर त्याची वाळून आपट्याची पानं होतील, ती मात्र माझी चूक नाही.

तुझा शब्द पोरीला वाचून दाखवला. तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेऊन स्वतः वाचला, मंग आबांना वाचून दाखवला, मंग गोठ्यात जाऊन कुणाला वाचून दाखवला ते मला माहीत नाही. आबा म्हणतात की पोरीचे पाय जमिनीला लागून न्हाई राह्यले.

आता माझं ऐक. तुझे शब्द मला नवे नाहीत. शाळेत असताना वहीत मोर काढून देतो म्हणून माझ्याकडून पूर्ण पावसाळा दप्तर वाहून घेतलंस. तो मोर अजून यायचा आहे. मी तुझी बहीण, मला फसवलंस तर दोन शिव्या देईन आणि पुन्हा भाकरी वाढीन. पोरीचं तसं नाही. गेल्या वर्षी शाळेची सहल लेण्यांत गेली तेव्हा आतल्या अंधारात ती सगळ्यांसमोर रडली. तेव्हापासून वर्गात तिचं नाव ‘रडकी’ पडलं ते पडलंच. ती सांगत नाही, पण सहलीचा विषय निघाला की ताटावरून उठते. मामानं अंधारात पुढं चाल म्हटलं, हे तिच्यासाठी साधं नाही, अंगद. तिला वाटून राह्यलंय की एकदा पुढं चालून आले की ते नाव पुसलं जाईल. हे बराबर ध्यानात ठेव आणि झेपणार नसेल तर आत्ताच सांग.

मोनिकाला म्हणावं, मोसंबी मोजू नये, नजर लागते. तुझ्यावरचा जीव आहे तिथंच आहे, तो तूच सांभाळ.

तुझी,
ताई


शेतवस्ती, कुंभार पिंपळगाव
२२ ऑक्टोबर २०२४

ती. अंगदमामास,
राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले दिवे मिळाले. आमच्याकडे त्याला डोक्याची बॅटरी म्हणतात, पण तुम्ही दिवा लिहिलंय म्हणून मी पण दिवा लिहिते.

आधी पप्पांचा लावला. रात्रीची लाईट असली की पप्पा तोच लावून पाणी द्यायला जातात. त्याचा उजेड पार बांधापलीकडच्या लिंबापर्यंत जातो, पण त्याची डबी मागं मानेवर लोंबते. त्या वजनानं माझी मान वर होते आणि पायाखालचं दिसतच नाही, म्हणून मी पाण्याच्या चारीत पडले. लागलं नाही. घरी येऊन आबांना सांगायला त्यांच्याकडे बघितलं तर आबा ओरडले की पोरी, ह्यो दिवा हाय का ट्रकची लाईट, मला काही दिसून न्हाई राह्यलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपण ज्याच्याशी बोलतो त्याच्या तोंडाकडे बघतो, आणि दिवा आपल्या कपाळाला असतो, म्हणून तो त्याच्या डोळ्यांतच जातो. मी एक नियम केला आहे. कुणाशी बोलायचं असेल तर आधी दिवा खाली करायचा. आता मी कुत्र्यापुढं पण खाली करते.

मग वाघाचं तोंड असलेला लावला. दिसायला छान आहे, पण त्याचं झाकण नखानं उघडतं. त्यातून चपटा गोल सेल पडला आणि लहान्यानं गोळी समजून तोंडात टाकला. आईनं बोट घालून काढला आणि मारलं मात्र मला. मुलांच्या दिव्याच्या झाकणाला स्क्रू पाहिजेच, हे मोठ्या अक्षरात लिहून घ्या. वाघ नापास.

तिसरा अजून बघते आहे. घाई करणार नाही, कारण सगळ्या मुलांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी लो. अ. ही वि. लिहायचं असं बाईंनी शिकवलं आहे. म्हणजे काय ते बाईंनी सांगितलं नाही. तरी लिहिते.

लो. अ. ही वि.

तुमची भाची,
राजनंदिनी


मस्तगड, जालना
२७ ऑक्टोबर २०२४

चि. राजनंदिनीस,
अ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मंडळाच्या बैठकीतही वाचून दाखवलं. दिवा कपाळाला असतो म्हणून तो समोरच्याच्या डोळ्यांतच जातो, ही गोष्ट आम्हा दाढीमिशीवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. तू केलेला नियम आता शिबिराचा पहिला नियम आहे. वाघाला नापास केलंस तेही बरं केलंस. लहान्याच्या पोटात सेल गेला असता तर तुझ्या आईनं माझी काय गत केली असती याचा विचारही मी करत नाही.

आता दोन गोष्टी. पहिली, मला ‘तुम्ही’ म्हणू नकोस. शाळेत पोरं दिवसभर ‘तुम्ही सर, तुम्ही सर’ करतात, कान किटले. मामा तो मामा, त्याला ‘तू’ म्हणायचं. दुसरी, लो. अ. ही वि. म्हणजे ‘लोभ असावा ही विनंती’. लोभ म्हणजे इथं हावरटपणा नव्हे, माया. तुमची माया माझ्यावर राहू द्या, असं मागायचं. वीजबिलाच्या तक्रारीखाली ते कुणी लिहीत नाही. ज्याची माया आपल्याला हवी असते, त्यालाच लिहायचं.

तिसरा दिवा पसंत पडला तर तो नमुना म्हणून माझ्याकडे पाठव. जुन्या जालन्यात साहेबराव नावाचे एक दुकानदार आहेत, विजेच्या सामानाचं मोठं दुकान आहे. ते तसेच सगळ्यांसाठी मागवून देतील. शिबिराला येशील तेव्हा तुझा दिवा तुला परत मिळेल, आणि तू पुढं असशील. भाऊबीजेला येतोच आहे, समोर बसवूनही सांगेन.

या मामाला तुझी माया हवी आहे, म्हणून पूर्ण लिहितो: लोभ असावा.

तुझा,
अंगदमामा


शेतवस्ती, कुंभार पिंपळगाव
१७ नोव्हेंबर २०२४

ती. अंगदमामास,
राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

मामा, तुला ‘तू’ लिहिताना पहिल्यांदा हात अडखळला. आता सवय झाली.

तिसरा पास! डोक्यावर आहे हेच विसरायला होतं इतका हलका आहे. त्याची मान खाली वाकते, म्हणून उजेड पायाजवळ पडतो. बटण मोठं आहे, चिखलाच्या हातानं पण दबतं. मी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं, तरी चालू. सेल साधे आहेत, आपल्या गावातल्या किराणा दुकानात मिळतात. चार्जिंगवाला असता तर आमच्याकडे लाईटची वाट बघत बसावं लागलं असतं. आणि त्याच्यात लाल उजेड पण आहे. लाल लावला की पायाखालची वाट दिसते आणि वरच्या चांदण्या पण जात नाहीत. गोठ्यात गेले तर बैल बुजले नाहीत.

एकच खोट होती. पट्टा वेणीत अडकून केस ओढतो. म्हणून मी आईच्या जुन्या मोरपंखी साडीचा काठ कापून पट्ट्याला आतून-बाहेरून शिवला. काळा दोरा संपला होता म्हणून पांढऱ्यानं शिवलं, टाके वाकडे आले आहेत. ज्या मुलींना वेण्या आहेत त्यांच्या पट्ट्याला पण असं करावं लागेल. मी शिकवीन.

मी त्याचं नाव ठेवलं आहे, चांद्या. आबांचा चांद्या बैल होता ना, गेल्या साली म्हातारा होऊन गेला तो. त्याच्या कपाळावर पांढरा चांद होता. अंधारात बैल दिसायचा नाही, तो चांद तेवढा पुढं पुढं जाताना दिसायचा. आबा म्हणतात की त्याच्या मागं गडी डोळे झाकून चालायचे. दिवा लावून मी विहिरीकडे निघाले तर आबा म्हणाले की बघा, चांद्या आला परत. म्हणून तेच नाव.

आता मी रोज संध्याकाळी विहिरीपर्यंत जाते. मी पुढं, पप्पा मागं. रडू येत नाही. म्हणजे थोडं येतं, पण पाय चालत राहतात. शिबिरात तू माझ्या मागं चाल, म्हणजे झालं.

चांद्याला सुग्रीवकाकांबरोबर पाठवते आहे. नीट सांभाळ. मामा, माझ्यावर लोभ असावा, आता अर्थ माहीत असून लिहिते.

तुझी,
राजनंदिनी


मस्तगड, जालना
११ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र घाईत लिहीत आहे. शिबिर पुढं ढकलावं लागलं आहे. डोंगराच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी आहे, आणि मुलांच्या बाबतीत जोखीम घेणं बरोबर नाही. पुन्हा कधी होईल ते आत्ता सांगता येत नाही. नंदिनीची समजूत काढ. तिचा दिवा माझ्याकडे आहे.

शाळेत परीक्षांची गडबड आहे, त्यामुळे इतक्यात येणं जमणार नाही. सर्वांना नमस्कार. लोभ असू द्यावा.

अंगद


शेतवस्ती, कुंभार पिंपळगाव
१८ डिसेंबर २०२४

चि. अंगदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी तुझीच काळजी वाटली. पूर्ण पत्रात थट्टेचा एक शब्द नाही. ताप आलाय का? मोनिकाशी भांडण झालंय का? एवढं वाईट वाटून घेऊ नकोस बाबा. बिबट्याला काय तू बोलावलं होतंस?

पोर रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. म्हणाली की मामाला किती वाईट वाटलं असेल, त्यानं सगळी तयारी केल्ती. उलट मलाच सांगते की बिबट्याचं पण बिचाऱ्याचं घर हाय तिथं. पिशवी मात्र तिनं भरून खुंटीला लावली आहे, ती काढू देत नाही. मामाचा निरोप ऐन वेळी आला तर धावपळ नको, म्हणते. रोज विहिरीपर्यंत जाणंही चालू आहे, आता पप्पांची बॅटरी लावून जाते, मान आखडते तरी.

सुग्रीवबरोबर डिंकाचे लाडू पाठवते. चार तुला, बाकीचे मोनिकाला. हिशोब ठेवायला तिला आवडतंच. जिवाला त्रास करून घेऊ नकोस, आम्ही सगळे तुझेच आहोत.

तुझी,
ताई


शेतवस्ती, कुंभार पिंपळगाव
१९ जानेवारी २०२५

अंगद,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहिला नाही.

परवा नणंदेच्या लेकाच्या लग्नाचा कपडा घ्यायला जुन्या जालन्यात आल्ते. नंदिनी बरोबर होती. तुझ्याकडे अचानक जाऊन तुला चकित करायचं असं तिनंच ठरवलं होतं. कापडाच्या दुकानातून बाहेर पडलो आणि समोर साहेबरावांचं दुकान, त्यावर दुकानाएवढा फ्लेक्स. पोरीनं मोठ्यानं वाचलं, ‘चांद्या, बच्चेकंपनीचा कपाळदिवा’. आणि अंगद, ती हसली. रस्त्यात उड्या मारल्या तिनं. मला म्हणाली की आई बघ, मामानं आपल्या चांद्याचं नाव लावलं.

मग तिला फोटोतलं पोरगं दिसलं. साहेबरावांचा नातू कल्याण. खाली लिहिलंय की या छोट्या वाटाड्यानं स्वतः पारखून निवडलेला दिवा, पायवाट बालशिबिर, डिसेंबर २०२४. ओळीत सगळ्यांच्या पुढं तो आहे. त्याच्या कपाळाला दिवा आहे, आणि दिव्याच्या पट्ट्याला माझ्या साडीचा मोरपंखी काठ आहे, पांढऱ्या दोऱ्याचे वाकडे टाके माणसाच्या बोटाएवढे मोठे होऊन दिसतात. त्याच्या मागं, खांद्यावर हात ठेवून, तू.

माझा विश्वास बसेना, म्हणून आत जाऊन गिऱ्हाइकासारखं विचारलं. माणूस भला वाटला. आम्हाला चहा पाजला. मी म्हटलं की तिकडं बिबट्या आल्ता ना म्हणे. तो हसला, म्हणाला की कुठला बिबट्या बाई, बिलकुल काही न्हाई, पोरं मजेत हिंडून आली. त्यानं एक कोरा दिवा नंदिनीच्या कपाळाला लावून दाखवला आणि म्हणाला की बेटा, तुझ्याएवढ्याच मुलानं निवडलाय. तिनं तो काढून टेबलावर ठेवला. चहाला तोंड लावलं नाही.

तुझं घर तिथून दोन गल्ल्यांवर. आम्ही आलो नाही.

टेम्पोत बसून परत निघालो. कुंभार पिंपळगाव जवळ आल्यावर तिनं मला एकच विचारलं. मामाला कुणी फसवलं का, असं विचारलं. त्या लेकराच्या डोक्यात तू फसवशील हे आलंच नाही. तू फसला असशील असं तिला वाटलं! काय सांगू तिला? सांग ना. तू मास्तर आहेस, शब्द तुझ्याकडे पुष्कळ असतात.

भाऊबीजेला माझ्या पाटावर बसून ओवाळून घेतलंस. माझ्या ताटात साडी टाकलीस आणि तिच्या पदरात पुन्हा तोच शब्द टाकलास की पुढं तूच. मी ऐकलंय या कानांनी. माझ्या घासातलं काढून घेतलं असतंस तरी मी गप्प बसले असते. बारा वर्षांच्या पोरीचं तिनंच ठेवलेलं नाव काढून घेतलंस, आणि वर बिबट्याच्या माथी मारलंस. लाडू खाल्लेस ते गोड लागले का?

मोराची गोष्ट मी आयुष्यभर थट्टेनं सांगत आले. आता सांगणार नाही.

तृप्ती


मस्तगड, जालना
२३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात आहे. त्यातलं काहीच खोटं नाही, तेव्हा खोडायला बसलो नाही. जे झालं ते सांगतो.

साहेबराव सगळ्या मुलांना दिवे स्वतःच्या पदरचे द्यायला तयार झाले. कित्येक मुलांच्या घरी असा दिवा घेणं जड होतं. फक्त एकच म्हणणं होतं, की फोटोत पुढं त्यांचा कल्याण असावा. मी विचार केला, एका फोटोचा तर प्रश्न आहे. हो म्हणालो. नावाचं बोलता बोलता निघालं, त्यांना आवडलं, आणि मी ते माझ्या भाचीनं ठेवलं आहे असं म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहितोय खरं, पण मला तेव्हाच कळत होतं. नवीन दिव्यांचा पट्टा पोराला टोचत होता म्हणून तिचा शिवलेला त्याच्या डोक्याला बांधला. तोही मीच.

नंदिनीला तरी न्यायचं होतंस, असं तू म्हणशील. न्यायचं ठरवलं होतं, ताई. पण तिला ओळीत मागं उभं करायचं तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तेवढं माझ्याच्यानं झालं नसतं. म्हणून बिबट्या आणला. तिला मागं ठेवायची लाज वाटली म्हणून तिला घरीच ठेवलं, हे आता लिहून बघतो तेव्हा त्याचा अर्थ मलाच लागत नाही.

रविवारी दोन तारखेला येतो. तिचा दिवा आणतो, एक नवाही आणतो. पुढच्या शिबिरात ती पुढं असेल. माझ्यावर ओरड, पण दार उघड. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही, तरी मागतो.

अपराधी,
अंगद


शेतवस्ती, कुंभार पिंपळगाव
५ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मोठ्यांना नमस्कार लिहायचाच असतो असं आई म्हणाली, म्हणून लिहिला.

तुम्ही आलात तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून पत्र लिहिते. तुम्हीच म्हणता की पत्रात माझी जीभ सुटते.

रविवारी तुम्ही वस्तीवर आलात तेव्हा दिवस मावळला होता आणि लाईट गेली होती. मी विहिरीकडून येत होते. पप्पांचा दिवा माझ्या कपाळाला होता. तुम्ही अंगणात उभे होतात आणि मला हाक मारलीत. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डोळ्यांवर हात आडवा धरून म्हणालात की नंदिनी, दिवा खाली कर बेटा.

मी केला नाही.

मला नियम माहीत होता, मीच केला होता. मी विसरले नव्हते. आईनं मला तुमचं पत्र वाचायला दिलं होतं. त्यात होतं की तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघवलं नसतं. मला वाटलं, मग आपणच बघावं. म्हणून मी दिवा तसाच ठेवला आणि बघितलं. तुम्ही हात काढलात आणि मान खाली घातलीत. मी तरी बघत राहिले. आबा मागून म्हणाले की पोरी, पुरे आता. तेव्हा मी घरात गेले.

तुम्ही ठेवून गेलात तो नवा दिवा सुग्रीवकाकांबरोबर परत पाठवते आहे. जुना ठेवून घेतला आहे. त्याचा काठ मी उसवला. माझे टाके वाकडे असले तरी पक्के होते, उसवायला वेळ लागला. आता त्याला चांद्या म्हणत नाही. ते नाव दुकानावर आहे, तिथंच राहू द्या. आबा अजून चुकून म्हणतात आणि मग जीभ चावतात. पुढच्या शिबिराला मला बोलावू नका. पिशवी मी खुंटीवरून काढली.

काल मी विहिरीपर्यंत एकटी गेले. पप्पा येतो म्हणाले, तर मी नको म्हटलं. गेले आणि परत आले. परत येताना रडले. अंधाराला भिऊन नाही.

पत्राच्या शेवटी काय लिहायचं ते बाईंनी शिकवलं, आणि त्याचा अर्थ तुम्ही सांगितलात. ज्याची माया आपल्याला हवी असते, त्यालाच ते लिहायचं.

राजनंदिनी